लिफ्ट घेण्याआधी पोर्चखाली काय आहे ते बघा

प्रश्न : नमस्कार काका. मी साताऱ्यात राहतो, बँकेत नोकरीला आहे. घरी 2014 ची स्विफ्ट आणि बाबांची जुनी स्कॉर्पिओ आहे. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, सस्पेन्शनची बुशं अशी कामं सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच करतो. आजवर ट्रॉली जॅक आणि दोन घोड्यांवर (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) भागवलं. पण मी गाडीखाली शिरलो की आई दारात येऊन उभी राहते आणि मी बाहेर निघेपर्यंत हलत नाही. खरं सांगायचं तर भीती मलाही वाटते. म्हणून आता पोर्टेबल लिफ्ट घ्यायचं ठरवलंय. न्यू जर्सीचा मेव्हणा तिथली दोन पाटांची लिफ्ट पाठवतो म्हणतो. इथला विक्रेता सांगतो, सिझर लिफ्ट घ्या. बाबांचं म्हणणं, मशीन-बिशीन काही नको, पोर्चमध्ये खड्डा काढू. आमचा पोर्च 18 बाय 11 फूट आहे. वर स्लॅब, खाली पेव्हर ब्लॉक, आणि एका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीचं झाकण. कुठली लिफ्ट घ्यावी, कशी वापरावी? आणि शेजारच्यांनी मागितली तर द्यावी का?

– एक वाचक, सातारा

उत्तर :

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय. कोपऱ्यातलं टाकीचं झाकण. बाकी सगळं मी सांगेनच, पण आधी त्या झाकणापाशी जाऊ.

आपल्याकडच्या बंगल्यांत नळाचं पाणी साठवायची टाकी बहुतेक वेळा गेटजवळ, पोर्चच्या खालीच बांधलेली असते. झाकण दोन बाय दोन फुटांचं दिसतं, पण ते नुसतं तोंड. टाकी त्याच्या कितीतरी पुढे पसरलेली असते, आणि घर बांधून पंधरा-वीस वर्षं झाली की ती नेमकी कुठवर आहे हे घरातल्या कुणाच्याच लक्षात नसतं. वर पेव्हर ब्लॉक घातले की खूणही मिटते. काही घरांत सेप्टिक टँकही त्याच बाजूला असतो.

तुम्ही म्हणाल, स्कॉर्पिओ रोज तिथेच उभी राहते की. राहते, मान्य. पण टाकीवरच्या जुन्या स्लॅबला उद्या तडा गेला आणि गाडी चाकांवर उभी असली, तर एक चाक चार बोटं खाली जाईल आणि तुम्ही गवंड्याला फोन कराल. तीच गाडी लिफ्टवर दीड फूट वर असली आणि खाली तुम्ही असलात, तर तीच चार बोटं गाडी कलंडायला पुरेशी आहेत. वजन तेच, परिणाम वेगळा. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की लिफ्टचा विचार महिनाभर बाजूला ठेवा आणि जमिनीचा करा.

झाकण उघडा, लांब काठी किंवा मेजरिंग टेप आत घालून चारही बाजूंना टाकीची भिंत कुठे लागते ते मोजा आणि वर फरशीवर खडूने टाकीचा आकार आखून घ्या. टाकीत उतरू नका. बंद टाकीतल्या हवेत प्राणवायू कमी असू शकतो आणि माणसाला ते कळायच्या आत तो कोसळतो. आखणी झाली की त्या चौकटीच्या बाहेर गाडीच्या लांबी-रुंदीएवढी जागा उरते का ते बघा. 18 फूट लांबीच्या पोर्चमध्ये टाकी एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाला स्विफ्टपुरती जागा निघायला हरकत नाही. स्विफ्ट 3,850 मिलिमीटर लांब, म्हणजे पावणेतेरा फुटांच्या आत. निघाली नाही, तर आरसीसीचं काम बघणाऱ्या इंजिनिअरला बोलावून टाकीचा स्लॅब दाखवा. त्याची फी लिफ्टच्या किमतीपुढे किरकोळ असते. त्याने नको म्हटलं, तर नको. मी इथे बसून तुम्हाला हो म्हणू शकत नाही.

आता पेव्हर ब्लॉक. हे ब्लॉक वाळूवर किंवा क्रशच्या थरावर नुसते मांडलेले असतात, एकमेकांच्या आधाराने राहतात. पावसाळ्यात खालची वाळू वाहते, ब्लॉक वरून सारखे दिसतात आणि खाली पोकळ असतात. मी गॅरेज चालवायचो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या बंगल्यावर गाडी बंद पडली म्हणून गेलो होतो. गाडी पुढून उचलून दोन घोड्यांवर ठेवली. माझा पोरगा खाली शिरणार, तेवढ्यात आतून चहा आला, म्हणून तो उठला. कप हातात घेतोय तोवर डावीकडच्या घोडीचा एक पाय दोन ब्लॉकांच्या फटीत बसला आणि गाडी धाडकन खाली आली. त्या दिवशी तो पोरगा चहामुळे वाचला. आज तो स्वतःचं गॅरेज चालवतो, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून पेव्हरवर मी कुठलीच गाडी उचलली नाही, आणि तुम्हीही उचलू नये. वर प्लायवूडचा तुकडा टाकून काम भागवणारे पाहिलेत मी. प्लाय वरचा दाब थोडा पसरवतो, खालची पोकळी भरत नाही.

काम असं करून घ्या. टाकी सोडून जी जागा ठरेल तेवढ्या भागातले ब्लॉक काढा, खाली मुरूम टाकून धुम्मसाने नीट ठोकून घ्या आणि त्यावर सळईची जाळी घालून सहा इंच जाडीचा एम-20 काँक्रीटचा कोबा करा. गवंड्याला एक गोष्ट दोनदा सांगा : इथे ढाळ नको. पोर्चला पाणी वाहून जायला ढाळ द्यायची त्यांच्या हाताला सवयच असते, न सांगता देतात. लिफ्टची जागा सपाट हवी. कोबा ओला असतानाच पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची लेव्हल तुम्ही स्वतः बघा. गुळगुळीत घोटाई करू देऊ नका, झाडूचा खरखरीत हात मारायला लावा, म्हणजे लोखंडी पाट घसरत नाहीत. त्यानंतर पाणी मारत राहा आणि 28 दिवस थांबा. एम-20 मधला 20 हा आकडा म्हणजे 28 व्या दिवशीची ताकद. आठव्या दिवशी हौसेने गाडी चढवायची नाही.

हे 28 दिवस लिफ्ट निवडायला पुरतात.

आधी बाबांचा खड्डा. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. त्यांच्या पिढीने सगळी सर्व्हिसिंग खड्ड्यावरच होताना पाहिलीय, आणि खड्ड्यात वरून गाडी पडायची भीती नसते हेही खरं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, एलपीजीही. खड्ड्यात ती तळाशी साचते आणि हँडलॅम्पची एक ठिणगी पुरते. घरातल्या छोट्या खड्ड्यात ती वाफ ओढून काढायची सोय कोण करतं? शिवाय पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरणार, आणि वरची फळी एकदा कुणी सरकवून ठेवली की घरातलं पोर किंवा म्हातारं माणूस त्यात पाय घालणार. त्यात शेजारी पाण्याची टाकी. तिच्या भिंतीलगत खणणं म्हणजे टाकीला गळती लावून घेणं. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि खड्ड्याचं मनातून काढायला सांगा.

सिझर, म्हणजे कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट वाईट नाही, पण तुमच्यासाठी नाही. तिला पोर्टेबल म्हणतात ते तिला चाकं आणि ओढायचा दांडा असतो म्हणून. वजन मात्र 400 किलोच्या घरात. सपाट कोब्यावर दोन माणसं ती ओढू शकतात, पेव्हरवर तिची चाकं रुततात. काम झाल्यावर ती ठेवणार कुठे, हाही प्रश्न आहे. मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. ही कात्री गाडीच्या पोटाखाली मधोमध उघडते. ब्रेक आणि टायरच्या कामाला त्याने काही बिघडत नाही, पण सायलेन्सरचा पाइप, स्कॉर्पिओचा प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा), गिअरबॉक्सची मागची बाजू हे सगळं नेमकं तिच्या मागे झाकलं जातं. तुम्ही बुशं बदलणारे आहात, तुम्हाला मधली जागा मोकळी हवी. ही लिफ्ट गाडी साधारण मीटरभर वर नेते, ते ऐकून माणूस हुरळतो. तुमच्या पोर्चची उंची बीमच्या खालून मोजा, स्लॅबच्या खालून नाही. स्कॉर्पिओ स्वतःच दोन मीटरच्या आसपास उंच. मीटरभर वर गेली की छत टेकायची वेळ येईल, आणि पंखा असेल तर आधी त्यालाच.

दोन खांब उभे करून बोल्टने जमिनीत आवळायची, पण काढून ठेवता येणारी लिफ्टही मिळते. तिची सगळी ताकद काँक्रीटमध्ये रुतलेल्या अँकर बोल्टवर असते. टाकीच्या जवळपास अशी भोकं पाडायचा विचारही करू नका.

उरली पाटांची. मेव्हणे म्हणतायत तीच जात, आणि मी तिच्याच बाजूने आहे. दोन लांब चपटे पाट गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूने खाली सरकवायचे, होज पाइपने पॉवर पॅकला, म्हणजे मोटर, पंप आणि तेलाच्या टाकीच्या डब्याला जोडायचे, बटण दाबायचं. पाट मिटलेले असताना जेमतेम तीन इंच, म्हणजे 76 मिलिमीटर उंच असतात. तुमच्या स्विफ्टखाली ते सहज जातात. वर जातात साधारण 50 सेंटिमीटर. पाठीवर झोपून, चाकांच्या पाटीवर सरकत काम करायला एवढी उंची पुरते. खाली उभं राहता येत नाही, पण ऑइल, ब्रेक, बुशं, शॉकअप, सायलेन्सर यांना उभं राहायची गरजच नसते. एकेक पाट 35 ते 45 किलोचा, म्हणजे तुम्ही आणि बाबा मिळून उचलून भिंतीला उभा करून ठेवू शकता. आणि मधली जागा पूर्ण मोकळी.

अमेरिकेत यातले दोन माप जास्त चालतात, 5,000 पौंडाचं आणि 7,000 पौंडाचं. किलोत सांगायचं तर 2,268 आणि 3,175. स्विफ्ट टनाच्या आसपास, स्कॉर्पिओ पावणेदोन टनांच्या आसपास. हिशेबाने लहान माप दोन्हींना पुरतं. तरी माझं मत मोठ्याचं आहे, कारण स्कॉर्पिओच्या डिक्कीत बाबांचं काय काय असतं ते तुम्हालाच माहीत, आणि डिझेलची टाकी भरलेली असते, आणि वजन पाटांच्या पुढच्या-मागच्या टोकांवर कधीच सारखं वाटलं जात नाही. इंजिन पुढे असल्याने पुढचा भाग जड असतो. मशीनला त्याच्या ताकदीच्या टोकाला रोज राबवायचं नाही, ही गॅरेजची रीत आहे.

पैसे देण्याआधी गाडीखाली झोपून एक माप घ्या : पुढच्या आणि मागच्या जॅक पॉइंटमधलं अंतर. लिफ्टच्या पाटावर रबरी ठोकळे ठेवायला ठरावीक लांबीचा तवा असतो, आणि तुमचे दोन्ही पॉइंट त्याच्या आत यायला हवेत. लांब गाड्यांसाठी लांब पाट मिळतात. दोन्ही गाड्यांची मापं लिहून विक्रेत्याला द्या. स्विफ्टला जमतं म्हणून स्कॉर्पिओला जमेल असं गृहीत धरू नका.

स्कॉर्पिओबद्दल एक गंमत अशी, की उंच गाडी उचलायला जास्त अवघड असते. तिची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, जमिनीपासून मुळातच उंच. पाट वर जायला लागले की त्यांचा बराचसा प्रवास नुसतं चेसिसपर्यंत पोचण्यातच संपतो. मग गाडी उचलली जायला लागली तरी चाकं खाली लोंबत राहतात, कारण सस्पेन्शनचा झोका मोठा. शेवटी लिफ्ट पूर्ण वर आणि चाकं जमिनीपासून चार बोटंच सुटलेली, असं होतं. यावर उपाय म्हणजे कंपनीने दिलेले उंच ठोकळे. कंपनीने दिलेले म्हणतोय मी, सुताराकडून करून घेतलेले नाही. एकावर एक विटांसारखे रचलेले तर मुळीच नाहीत.

मेव्हणे पाठवणार त्या लिफ्टची एक मोठी अडचण आहे, वीज. तिथल्या घरात 110 ते 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. तिथली मोटर इथल्या प्लगात लावली की धूरच निघणार. मोठा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. तो झेलणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग होतो, आणि 50 हर्ट्झवर ती मोटर सावकाश फिरणार ते वेगळंच. त्यांना पाठवायचीच असेल तर 12 व्होल्टवर चालणारा पॉवर पॅक मागा. तो गाडीच्या बॅटरीवर चालतो, देश कुठला याने त्याला फरक पडत नाही. बॅटरी चांगली हवी, आणि जिचं काम करायचंय त्या गाडीची नको, दुसरीची घ्या. नाहीतर इथलीच 230 व्होल्ट सिंगल फेजची घ्या. विक्रेत्याला सिंगल फेज हे शब्द लिहून द्यायला लावा, कारण गॅरेजसाठी विकली जाणारी पुष्कळ मशीनं थ्री फेजची असतात. दोन किलोवॉटच्या आसपासची मोटर असेल तर पोर्चमध्ये 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, त्याचा स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की बंद पडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. मिक्सरच्या प्लगातून एक्स्टेन्शन ओढून ही मोटर चालवायची नाही. ओल्या कोब्यावर, लोखंडाच्या शेजारी तुम्ही झोपणार आहात.

परदेशातून आणायच्या वस्तूबद्दल दुसरी शंका सीलची, म्हणजे तेल अडवून धरणाऱ्या रबरी कड्यांची. कुठलंही हायड्रॉलिक मशीन काही वर्षांनी सील मागतंच. ते सील पुण्यात मिळणार का, हा प्रश्न मी किमतीच्या आधी विचारतो.

कुठलीही घ्या, तिच्यावर किती वजन उचलायचं हे कोरलेली पट्टी हवी आणि छापील पुस्तिका हवी. युरोपात गाडी उचलायच्या लिफ्टसाठी ईएन 1493 हे मानक आहे, अमेरिकेत एएलआय ही संस्था तपासून सोनेरी लेबल देते. यातल्या कशाला धरून चाचणी झाली, याचा कागद मागा. नुसतं सीई (युरोपातली मान्यतेची खूण) छापलेलं स्टिकर पुरेसं समजू नका, ते कुणीही चिकटवतं.

यापुढचं दोनदा वाचा. लिफ्ट गाडी उचलते ती तेलाच्या दाबाने. पण गाडी वर टिकून राहायला हवी ती लोखंडी लॉकवर, तेलावर नाही. सील गळेल, होज फुटेल, कुणाचा तरी पाय खाली उतरवायच्या बटणावर पडेल, काहीही होईल. लॉकमध्ये बसलेल्या गाडीला त्याने काही होत नाही. म्हणून उचलून झालं की थांबायचं नाही. लॉकच्या थोडं वर न्यायचं आणि मग खाली सोडून दोन्ही पाटांचे दांडे खाचेत टेकू द्यायचे. टक असा आवाज येतो. एका बाजूचा आला म्हणून दुसरीकडचा आलाच असं नाही. उठून, फिरून, टॉर्च मारून दोन्हीकडे डोळ्यांनी बघायचं. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला गाडी चढवून हे करून दाखवायला सांगा : गाडी लॉकवर टेकव, दाब पूर्ण सोड, होज काढ. ज्याला हे करून दाखवायला संकोच वाटतो, त्याच्याकडून घेऊ नका.

लॉकची एक बाजू लोक विसरतात. गाडी खाली उतरवताना लॉक सोडवायला आधी ती किंचित वर उचलावी लागते. त्यासाठी मोटर लागते. म्हणजे गाडी लॉकवर असताना लाइट गेली, तर ती येईपर्यंत गाडी वरच. ऑफिसला जायच्या आदल्या रात्री कामाला बसू नका. 12 व्होल्टच्या पॅकमध्ये ही अडचण येत नाही, हे मला त्याचं आवडणारं दुसरं कारण.

लिफ्ट पहिल्यांदा जोडली की एक पाट पुढे आणि एक मागे असं वर जाताना दिसेल. घाबरू नका, पाइपात हवा अडकलेली असते. गाडी न चढवता पाट चार-पाच वेळा वर-खाली करायचे आणि पुस्तिकेत सांगितलंय तशी हवा काढायची. दोन्ही बरोबर चालेपर्यंत गाडी चढवायची नाही. टाकीत तेल पुस्तिकेतल्या ग्रेडचंच. घरात उरलेलं ब्रेक ऑइल यात कधी ओतू नका. ते वेगळ्या जातीचं असतं आणि हायड्रॉलिकच्या रबरी सीलांना फुगवून निकामी करतं.

आता गाडी. स्विफ्टला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. दाराच्या खालच्या कडेला दोन पत्रे जोडलेली उभी शिवण असते. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे त्या शिवणीवर दोन-दोन खाचा दिसतील. त्या खाचांमधली जागा मजबूत केलेली असते, तिथेच उचलायचं. ठोकळ्याला मधे चीर असलेला घ्या, म्हणजे शिवण चिरेत बसते आणि वजन बाजूच्या पत्र्यावर येतं. सपाट ठोकळा लावला की शिवण दुमडते. उचलण्याआधी त्या जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. बद्द आवाज आला किंवा गंजाचे पापुद्रे पडले, तर ती गाडी लिफ्टवर न्यायची नाही, आधी पत्र्याचं काम. साताऱ्याच्या हवेत हे कमी, पण गाडी आधी कोकणात किंवा मुंबईत राहिलेली असेल तर नक्की बघा. स्कॉर्पिओला मात्र खाली चेसिसचे दोन लांब गर्डर आहेत, तिथे सपाट ठोकळा लावायचा. तेलाचा चेंबर, ब्रेकचे पाइप, डिझेलची टाकी यांच्यापासून लांब.

चाकांचे नट, अ‍ॅक्सलचा नट, जे जे टॉमीला (पान्याच्या दांड्याला) पाइप घालून ताकदीने सोडवायचं असतं, ते गाडी जमिनीवर असतानाच एक चतुर्थांश सैल करून ठेवा. वर उचललेल्या गाडीला हिसके द्यायचे नाहीत. मग गाडी चार इंच उचला आणि थांबा. चारही ठोकळे नीट बसलेत का बघा, बंपरला हात लावून गाडी हलवून बघा. डुलली तर खाली घ्या, ठोकळे सरकवा, पुन्हा उचला. मी आयुष्यभर हे असंच केलं, दिवसाला दहा गाड्या असल्या तरी. गाडी वर-खाली होत असताना तिच्याखाली कुणी नाही, हातसुद्धा नाही. उतरवताना पाना, ऑइलचा ट्रे, खाली ऊब शोधत आलेलं मांजर, सगळं बघून घ्यायचं.

इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायचं काम या लिफ्टवर घरी करू नका. पुढचं वजन एकदम कमी झालं की गाडी मागे झुकते.

घोड्या विकू नका. गाडी लॉकवर बसली की त्या तशाच खाली लावून ठेवायच्या, जमिनीवर टेकलेल्या आणि गाडीला हलक्या भिडलेल्या. त्याही एकदा तपासा. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीने तीन आणि सहा टनांच्या लाखो घोड्या परत मागवल्या होत्या, कारण दात्यात बसणारं कुत्रं, म्हणजे घोडीची उंची अडवून धरणारा खटका, पूर्ण न बसता गाडी खाली येऊ शकत होती. बदली दिलेल्यांतल्याही काहींचं वेल्डिंग कच्चं निघालं. तुमच्या घोडीचं कुत्रं प्रत्येक दात्यात पूर्ण बसतंय का, वेल्डिंगला तडा आहे का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. दात्यांतून आडवी पिन घालायची सोय असलेली घोडी मिळाली तर तीच घ्या.

आईंबद्दल. त्या दारात उभ्या राहतात ते थांबवू नका. घरात कुणी नसताना गाडीखाली शिरायचंच नाही, हा नियम त्या न सांगता पाळून घेतायत. फक्त त्यांना एवढं शिकवून ठेवा : काही झालं तर तुम्हाला ओढून काढायला धावायचं नाही, लिफ्टच्या बटणाला हात लावायचा नाही, आधी 108 ला फोन आणि शेजाऱ्यांना हाक. ट्रॉली जॅक हँडल लावून पोर्चमध्ये तयार ठेवा. तो कुठे लावायचा हे बाबांना दाखवून ठेवा, एकदा त्यांच्या हातून लावूनही घ्या. आणि फोन तुमच्या खिशात, चार्जिंगला नाही.

शेजारच्यांना लिफ्ट द्यायची का? त्यांची गाडी तुमच्या कोब्यावर आणा, तुम्ही स्वतः उचला, त्यांना चहा द्या. पाट त्यांच्या घरी पाठवू नका. त्यांच्या पोर्चखाली काय आहे ते तुम्ही मोजलेलं नाही.